फ्रेडरिक फोर्सिथ: कर्ज झालं म्हणून कादंबरी लिहायला बसलेला बातमीदार

रद्दीतला राजा

फोर्सिथ गेला (९ जून २०२५, वय ८६) तेव्हाच धागा काढायचा होता, राहून गेलं. मधे त्याचं 'द आउटसायडर' हे आठवणींचं पुस्तक परत हातात आलं, म्हटलं आता लिहूनच टाकू. जॅकल (त्याची 'द डे ऑफ द जॅकल' ही कादंबरी, एका भाडोत्री मारेकऱ्याची गोष्ट) माहीत नाही असा वाचणारा माणूस आपल्याकडे सापडणं कठीण, फुटपाथवर, लायब्ररीत, स्टेशनवरच्या स्टॉलवर तो कायम असायचाच, पण तो लिहिणारा बाबा स्वतः काय चीज होता हे फारसं कुणाला माहीत नसतं.

जन्म १९३८, केंटमधलं ॲशफर्ड. वडिलांचं फरच्या कपड्यांचं दुकान. युद्धाचे दिवस, पाच वर्षांच्या पोराला कुणीतरी हौसेने स्पिटफायरच्या कॉकपिटमध्ये बसवलं आणि याच्या डोक्यात जे विमान शिरलं ते शिरलंच. वडील शहाणे, सुट्टीत पोराला फ्रान्सला नि जर्मनीला ओळखीच्या घरी राहायला धाडायचे, त्यामुळे दोन्ही भाषा घरच्यासारख्या झाल्या, पुढे स्पॅनिश, रशियनची भर पडली. शाळेने सांगितलं ऑक्सफर्ड-केंब्रिजचं बघ, याने सांगितलं मला उडायचंय. १९५६ ते ५८ हवाई दलात, एकोणिसाव्या वर्षी व्हॅम्पायर हे एकट्याने उडवायचं जेट चालवत होता. मग नोकरीत राहून टेबलावर बसवतील म्हणून सोडलं आणि नॉरफकमधल्या 'ईस्टर्न डेली प्रेस' या पेपरात उमेदवारी धरली. तीन वर्षं किंग्ज लिनसारख्या गावात कोर्टकचेऱ्या नि अपघात कव्हर करत होता. तिथला एक संस्कार त्याला शेवटपर्यंत पुरला: नाव लिहिलंस तर स्पेलिंग बघून घे, कुणी काही सांगितलं तर आणखी कुणाला तरी विचार.

१९६१ मध्ये रॉयटर्स. फ्रेंच येतं म्हणून पॅरिस. आणि तिथे वेळ अशी की अल्जीरिया हातचा सोडला म्हणून ओएएस या फ्रेंच बंडखोर संघटनेचे लोक राष्ट्राध्यक्ष द गॉलच्या जिवावर उठलेले. २२ ऑगस्ट १९६२ ला पॅरिसबाहेर पती-क्लामारला त्याच्या गाडीवर शंभरावर गोळ्या झाडल्या, गाडीची चाळण झाली, म्हातारा बायकोसकट बिनओरखड्याचा बाहेर. ही बातमी जिथे शिजत होती तिथे फोर्सिथ होता. द गॉल कुठे निघाला की पत्रकारांची गाडी मागे, कारण मेलाच तर तिथे कुणीतरी असायला हवं! या काळात अंगरक्षकांशी गप्पा मारता मारता त्याच्या लक्षात आलं की ओएएसवाले याला कधीच मारू शकणार नाहीत, कारण त्यांची एकूण एक माणसं पोलिसांच्या फायलीत आहेत आणि संघटना आतून पोखरलेली आहे. मारायचंच असेल तर बाहेरचा, ज्याची कुठेच फाइल नाही असा भाडोत्री माणूस लागेल. बास. जॅकलचं बी हेच, पण ते आठ वर्षं तसंच पडून राहिलं.

मधली आठ वर्षं म्हणजे पूर्व बर्लिन, बीबीसी आणि बायाफ्रा. पूर्व बर्लिनला रॉयटर्सचा एकटा माणूस, ऑफिसात चोरून ऐकायची यंत्रं बसवलेली, मागे स्टासी, म्हणजे पूर्व जर्मनीचे गुप्त पोलीस. एप्रिल १९६४ मध्ये एका रात्री परत येताना याने रस्त्यावर रणगाड्यांची, सैन्याची भलीमोठी रांग पश्चिमेकडे जाताना बघितली आणि जे दिसलं ते जसंच्या तसं पाठवून दिलं, लंडनपासून वॉशिंग्टनपर्यंत लोकांच्या झोपा उडाल्या. सकाळी कळलं, मे दिनाच्या परेडची तालीम होती. हा किस्सा तो स्वतः फार मजेत सांगतो.

बायाफ्रा मजेत सांगण्यासारखा नव्हता. १९६७ मध्ये नायजेरियाचा पूर्व भाग फुटून निघाला, तोच बायाफ्रा. बीबीसीने याला थोड्या दिवसांसाठी पाठवलं, बंड लगेच मोडेल असा सरकारी अंदाज होता. मोडलं नाही. याने तसं कळवलं तर लंडनला ते नको होतं, ब्रिटनचं विल्सन सरकार नायजेरियाला शस्त्रं देत होतं आणि त्या भागात शेल-बीपीचं तेल होतं. त्याच्या म्हणण्यानुसार त्याला स्पष्ट सांगण्यात आलं की हे युद्ध कव्हर करायचं आपलं धोरण नाही. मग नोकरीला रामराम आणि १९६८ पासून स्वतःच्या हिमतीवर परत बायाफ्रात. नाकेबंदीमुळे उपासमारीने मेलेल्या लेकरांचे जे फोटो जगभर गेले तो हाच काळ, एकूण किती मेले त्याचे अंदाज दहा लाखांच्याही वर जातात. 'द बायाफ्रा स्टोरी' हे त्याचं पहिलं पुस्तक, १९६९ चं. ते कादंबरी नाही हे लक्षात घ्या.

जानेवारी १९७० मध्ये बायाफ्रा शरण आला, त्याच सुमारास फोर्सिथ लंडनला परतला तो पुरता कफल्लक. नोकरी नाही, घर नाही, डोक्यावर उधारी, सरकार नाराज त्यामुळे दुसरी नोकरी मिळायची मारामार. मित्राच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर झोपायचा. त्याने काय केलं, गोळीचा ओरखडा असलेला जुना पोर्टेबल टाइपरायटर काढला आणि कर्ज फेडायला कादंबरी लिहायला बसला. ३५ दिवसांत संपवली. स्वतःच म्हणायचा की पैसे मिळवायचा याहून खुळा मार्ग नाही.

चार प्रकाशकांनी परत पाठवली, आणि कारण ऐकायला अगदी रास्त: द गॉल तर जिवंत आहे, सगळ्या जगाला ठाऊक आहे, मग मारेकऱ्याचा डाव फसणार हे वाचकाला पहिल्या पानावरच कळलं, पुढे वाचेल कोण? हचिन्सनने घेतली, ॲडव्हान्स ५०० पौंड, पहिली आवृत्ती ८००० प्रतींची. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की ते चार प्रकाशक कादंबरीकार शोधत होते आणि समोर बातमीदार उभा होता. काय झालं हे बातमीदाराच्या वाचकाला सकाळच्या रेडिओवर कळलेलं असतंच, तो पेपर उघडतो ते कसं झालं यासाठी. पासपोर्ट कसा काढला, बंदूक कुणी बनवली, कुबडीत कशी लपवली, सीमा कशी ओलांडली. फोर्सिथने आयुष्यभर हे एकच काम केलं, आधी रॉयटर्ससाठी आणि मग स्वतःसाठी.

---

काळीपिवळी

वाचनखूण साठवली. जॅकल मी कॉलेजात असताना रात्री सुरू केली आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रॅक्टिकलला दांडी मारली. तो खरबुजावर नेम धरून बंदूक सेट करतो तो प्रसंग! त्यात काहीही होत नाही राव, एक माणूस जंगलात एकटा स्क्रू फिरवत बसलाय, आणि आपण श्वास धरून.

---

दुर्बीण

लेख आवडला, पण थोडं थंड पाणी ओततो. फोर्सिथची पात्रं पुठ्ठ्याची असतात. जॅकलला नाव नाही, मन नाही, ते एकवेळ खपतं कारण तो मुद्दामच तसा आहे. पण पुढच्या पुस्तकांतही नायक म्हणजे उंच, कणखर, एसएएस या ब्रिटिश कमांडो दलातला, चार भाषा येणारा. बायका तर फक्त कुणाच्या तरी बेडरूममधून माहिती काढण्यापुरत्या. ज्याला हेरांच्या जगातली माणसं वाचायचीत त्याने जॉन ल कारेच्या कादंबऱ्यांकडे जावं. तो खरोखरचा ब्रिटिश हेरखात्यांचा, एमआय ५ आणि एमआय ६ चा, नोकर होता, आतून बघितलेलं होतं त्याने.

---

खमंग काकडी

झालं सुरू, ल कारे विरुद्ध फोर्सिथ. प्रत्येक धाग्यात हे येतंच. ल कारे मोठा लेखक आहे मान्य, पण ५० पानं झाली तरी कोण कुणाचा माणूस आहे हे कळत नाही आणि सगळे पावसात उदास चेहऱ्याने चहा पितायत. लोकल ट्रेनमध्ये उभं राहून वाचायला फोर्सिथच पाहिजे.

---

रद्दीतला राजा

दुर्बीण, बायकांच्या पात्रांबद्दल वादच नाही, तिथे तो कच्चाच. पण 'आतून बघितलेलं' हा मुद्दा सोपा नाही. २०१५ मध्ये 'द आउटसायडर'मध्ये फोर्सिथने स्वतः लिहिलंय की तो वीसेक वर्षं एमआय ६ साठी कामं करत होता, बिनपगारी. सुरुवात बायाफ्रातच, १९६८ च्या शेवटाला, युद्धाच्या आत काय चाललंय हे सरकारला आपल्याच वकिलातीकडून नीट कळत नव्हतं म्हणून.

मग १९७३ मध्ये ड्रेस्डेनची फेरी. स्वतःची ट्रायम्फ गाडी घेऊन पर्यटक म्हणून पूर्व जर्मनीत शिरायचं, आल्बर्टिनम म्युझियमच्या टॉयलेटमध्ये एका रशियन कर्नलकडून पाकीट घ्यायचं आणि गाडीत लपवून परत. येताना चेकपोस्टवर काय अवस्था झाली ते त्याच्याच शब्दांत वाचा.

आणि दक्षिण आफ्रिकेचा किस्सा तर अजबच आहे. वर्णद्वेषी राजवट संपत आलेली, त्यांच्याकडे सहा अणुबॉम्ब, मंडेलांच्या हाती सत्ता जाण्याआधी त्यांचं काय करणार हे लंडनला हवं होतं. फोर्सिथची परराष्ट्रमंत्री पिक बोथाशी ओळख, शिकारीच्या कॅम्पवर गप्पांमध्ये थेट विचारून टाकलं. उत्तर मिळालं, मोडून टाकणार. आणि खरंच मोडले.

---

आबा सांगलीकर

एक शंका आहे. जो माणूस एका बाजूने पत्रकार म्हणून बातम्या देतोय आणि दुसऱ्या बाजूने हेरखात्याला माहिती देतोय, त्याच्या बातमीवर विश्वास कसा ठेवायचा? आज कुणी असं कबूल केलं तर आपणच त्याला सोलून काढू. शिवाय पत्रकार म्हणजे हेर हा संशय पक्का झाला की त्याची किंमत पुढे भलत्यालाच मोजावी लागते, युद्धभूमीवर पकडल्या गेलेल्या बिचाऱ्या पोरांना.

---

इकडून तिकडे

मी नोकरीनिमित्त लागोसमध्ये बरीच वर्षं काढली. ऑफिसात इग्बो लोक होते (बायाफ्रा मुख्यतः यांचाच), योरुबा होते. फोर्सिथचं नाव काढलं की दोन टोकाच्या प्रतिक्रिया यायच्या. इग्बो लोकांसाठी तो आपली बाजू जगाला सांगणारा माणूस, त्यातले वयस्कर लोक फार प्रेमाने बोलायचे. बाकीच्यांचं म्हणणं असं की तो बायाफ्राचा नेता ओजुक्वू याचा प्रचारक होता. त्यातही थोडं तथ्य आहेच, ओजुक्वूशी त्याची मैत्री शेवटपर्यंत टिकली आणि १९८२ मध्ये त्याने 'एमेका' म्हणून त्याचं चरित्रही लिहिलं. तटस्थ वगैरे तो तिथे नव्हता. पण मला विचाराल तर उपाशी मरणारी पोरं डोळ्यांसमोर असताना तटस्थ राहिलेल्यांपेक्षा हा बरा. तिथल्या बऱ्याच घरात या विषयावर अजूनही बोलत नाहीत, वडीलधारी माणसं विषय बदलतात.

---

दुर्बीण

आबा, +१. आणि गंमत बघा, ज्या सरकारने बायाफ्रात पोरं उपाशी मारायला हातभार लावला असं तो पुस्तकात ओरडून सांगतो, त्याच सरकारच्या हेरखात्याला तो माहिती पुरवतोय, तेही फुकट. त्याच्या कादंबऱ्यांत असा दुभंगलेला माणूस कुठेच सापडत नाही. स्वतःच्या आयुष्यातली सगळ्यात भारी गोष्ट त्याने लिहिलीच नाही असं माझं मत.

---

रद्दीतला राजा

हे पटलं. त्याचं उत्तर तो असं देतो की परराष्ट्र खात्यातले अधिकारी वेगळे आणि गुप्तचर वेगळे, पहिल्यांवर त्याचा जन्मभराचा राग होता. मला ते उत्तर पुरेसं वाटत नाही. पण माणूस जुन्या वळणाचा देशभक्त होता, राजकारणाने कट्टर कॉन्झर्व्हेटिव्ह, युरोपियन युनियनचा कडवा विरोधक, पेपरात कॉलम लिहून लेबरवाल्यांना झोडायचा. 'द फोर्थ प्रोटोकॉल' (१९८४) ची सगळी कथाच अशी की ब्रिटनमध्ये अमेरिकी विमानतळाजवळ छोटा अणुबॉम्ब फोडून निवडणुकीत डाव्यांना सत्तेवर आणायचा रशियन कट. त्यात रशियाला फितूर झालेला ब्रिटिश हेर किम फिल्बी हे पात्र आहे आणि पुस्तक आलं तेव्हा खरा फिल्बी मॉस्कोत जिवंत होता!

---

निवांत पेन्शनर

सर्वांना नमस्कार. पासपोर्टची गोष्ट कुणी काढली नाही म्हणून लिहितो. जॅकल कबरस्तानात जाऊन लहानपणी वारलेल्या मुलाचं नाव शोधतो, त्याचा जन्मदाखला काढतो आणि त्यावर खरा पासपोर्ट मिळवतो, कारण जन्माची नोंद आणि मृत्यूची नोंद यांची सांगड कुणी घालतच नव्हतं. ही पळवाट लेखकाने कल्पनेने रचलेली नव्हती, ती खरी होती, आणि पुस्तक लाखांनी खपल्यावरही सरकारने ती कितीतरी वर्षं बुजवली नाही. आमची उभी हयात सरकारी कचेरीत गेली, त्यामुळे आश्चर्य अजिबात वाटलं नाही.

१९७४ मध्ये जॉन स्टोनहाउस नावाच्या ब्रिटिश खासदाराने, माजी मंत्री बरं का, मायामीच्या किनाऱ्यावर कपडे ठेवून बुडाल्याचं नाटक केलं आणि आपल्याच मतदारसंघातल्या मृत माणसांच्या नावावर ऑस्ट्रेलिया गाठलं. तिथे मेलबर्नच्या पोलिसांना आधी वाटलं की हा खून करून पळालेला लॉर्ड लुकन असावा. पकडला तो डिसेंबरातच. पुढे तर असं उघड झालं की लंडनचे पोलीसच आंदोलकांच्या संघटनांत आपली माणसं घुसवताना मेलेल्या मुलांची नावं वापरत होते आणि आपापसात त्या पद्धतीला जॅकलचंच नाव होतं. त्या मुलांच्या आईबापांना हे कळलं तेव्हा काय वाटलं असेल!

---

काळीपिवळी

बाप रे, शेवटचं माहीत नव्हतं. काका तुम्ही स्वतंत्र धागा काढा यावर.

---

खमंग काकडी

तो दहशतवादी कार्लोस द जॅकल, त्याच्या नावाचं पण तेच ना? त्याच्या सामानात ही कादंबरी सापडली आणि पेपरवाल्यांनी नाव चिकटवलं.

---

निवांत पेन्शनर

सापडली ती ज्या घरात त्याने बॅग ठेवली होती तिथल्या कपाटात. पुस्तक त्याचं नव्हतंच म्हणतात. पण नाव चिकटलं ते कायमचं.

---

पावशेर

मला स्वतःला 'द ओडेसा फाइल' जास्त आवडते. जॅकलमध्ये डोकं चालतं, ओडेसात पोटात कालवतं, सुरुवातीची ती म्हाताऱ्या ज्यू माणसाची डायरी सलग वाचवत नाही. त्यातला खलनायक एडुआर्ड रोशमान हा खरा माणूस, रिगाच्या ज्यू वस्तीवर नेमलेला हिटलरच्या एसएस दलातला अधिकारी, आणि १९७२ मध्ये पुस्तक आलं तेव्हा तो अर्जेंटिनात मजेत जगत होता. नाझी गुन्हेगारांचा माग काढणाऱ्या सायमन विझेंटालने फोर्सिथला माहिती दिली आणि खरंच नाव वापर म्हणून सुचवलं. १९७४ मध्ये सिनेमा आला. मग १९७७ मध्ये रोशमानला अर्जेंटिनात पकडलं, सुटून पॅराग्वेला पळाला आणि तिथेच त्याच वर्षी मेला. फोर्सिथ म्हणायचा की सिनेमा बघून तिथल्या कुणीतरी ओळखलं.

---

दुर्बीण

पण नाझींना लपवणारी 'ओडेसा' नावाची एवढी शिस्तबद्ध जागतिक संघटना खरंच होती का यावर इतिहासकारांना भरपूर शंका आहे. नाझींना पळवणारे मार्ग होते, मदतनीस होते, पण पुस्तकातल्यासारखी एकछत्री कंपनी नव्हे. फोर्सिथचा धोका हाच की नव्वद टक्के खरं इतकं चोख असतं की उरलेलं दहा टक्केही लोक इतिहास म्हणून सांगत सुटतात.

---

रद्दीतला राजा

हो, आणि त्याला स्वतःला ते आवडायचं. 'डॉग्ज ऑफ वॉर'साठी (१९७४) भाडोत्री सैनिक उठाव कसा करतात हे लिहायचं होतं तर हा खोट्या नावाने हॅम्बर्गला शस्त्रं विकणाऱ्यांकडे गिऱ्हाईक बनून गेला. सगळं सुरळीत चाललेलं, आणि तेवढ्यात त्यातल्या एकाने पुस्तकाच्या दुकानाच्या काचेत जॅकलची जर्मन आवृत्ती बघितली, मागे लेखकाचा मोठा फोटो! याला हॉटेलवर फोन आला, ताबडतोब निघ. सामान तिथेच टाकून स्टेशनकडे धूम, चालत्या गाडीत उडी.

म्हातारपणीही तेच. २००९ मध्ये 'द कोब्रा'साठी कोकेनच्या वाटा बघायला सत्तरी गाठलेला हा माणूस गिनी-बिसाऊला उतरला, आणि त्याच रात्री तिथल्या राष्ट्राध्यक्षाची हत्या झाली. गुगल करून लिही असं त्याला कुणी सांगू नये.

---

इकडून तिकडे

आणि इतकं पैसे-पैसे करणाऱ्या माणसाचे पैसे बुडाले कसे बघा. १९९० मध्ये ज्या गुंतवणूकवाल्याकडे ठेवले होते तो गोत्यात आला, फोर्सिथचे वीस लाख पौंडांहून जास्त गेले. जगातल्या ठकांच्या युक्त्या बारकाईने लिहिणारा माणूस! मग परत टाइपरायटर. त्यानंतरची पुस्तकं त्या खड्ड्यातून वर यायला लिहिलेली.

---

काळीपिवळी

त्यातलंच 'द फिस्ट ऑफ गॉड' (१९९४) ना? मला ते जॅकलच्या खालोखाल वाटतं. आखाती युद्ध, बगदादमध्ये माळी बनून राहिलेला माइक मार्टिन. तो काळासावळा दिसतो, अरब म्हणून खपून जातो, कारण त्याची आजी भारतीय असते, आजोबा दार्जिलिंगच्या चहामळ्यातले. सद्दामची ती अजस्र तोफ पण खरी भानगड होती, ती बनवणाऱ्या जेराल्ड बुलला मार्च १९९० मध्ये ब्रसेल्समध्ये घराच्या दारातच गोळ्या घातल्या.

---

बोरकूट

मी अजून एकही वाचलं नाहीये, शिव्या घालू नका. कुठून सुरू करू? मराठी चालेल, पण इंग्रजीही वाचते. आणि जाड पुस्तकाची भीती वाटते.

---

खमंग काकडी

ताई, सरळ जॅकल. इंग्रजी सोपं आहे त्याचं, बातमीसारखं. नंतर १९७३ चा सिनेमा बघा, एडवर्ड फॉक्सवाला. २०२४ ची सिरीज चांगली आहे पण ती वेगळीच गोष्ट आहे, द गॉल वगैरे काही नाही. मल्याळममध्ये मामुट्टीचा 'ऑगस्ट १' पण याच्यावरूनच.

---

पावशेर

सिनेमाचे हक्क त्याने एकरकमी वीस हजार पौंडांना देऊन टाकले होते म्हणे, टक्केवारीचा पर्याय होता तरी. कडकीत माणूस रोकडाच बघतो.

---

टेम्सकाठची

उशिरा प्रतिसाद देतेय. जॉर्डन्स हे गाव, जिथे तो शेवटी राहायचा नि वारला, आमच्यापासून फार लांब नाही. क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वसवलेलं, त्यांचं जुनं सभागृह आहे तिथे आणि बाहेर विल्यम पेनची कबर, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियावाला. युद्धाला विरोध करणाऱ्यांच्या गावात हा शस्त्रांच्या गोष्टी टाइप करत बसायचा.

बोरकूट, जाड पुस्तकाची भीती असेल तर 'द शेफर्ड' घे. छोटीशी गोष्ट आहे, १९७५ ची. ख्रिसमसच्या रात्री जर्मनीहून एकटा पायलट व्हॅम्पायर घेऊन घरी निघालाय, उत्तर समुद्रावर धुकं, रेडिओ आणि होकायंत्र दोन्ही बंद, इंधन संपत आलंय. हेर नाहीत, कट नाही. कॅनडाच्या रेडिओवर दर ख्रिसमसला ऐकवतात. दुर्बीण, तुम्हीही वाचा, पुठ्ठ्याचा माणूस नाही सापडणार.

---

दुर्बीण

वाचलीय. तेवढी एक मान्य. 😀

---

बोरकूट

ऑर्डर केली. जॅकल पण केली, जुनी प्रत मिळाली, आत कुणीतरी पेन्सिलने पॅरिसचे रस्ते काढून ठेवलेत असं विकणाऱ्याने लिहिलंय.

---

निवांत पेन्शनर

नकाशा बरोबर आहे का ते बघून कळवा.